मदत हवी: एसओडी१ उंदरांवर आयजीएफ-१ चा काहीच परिणाम दिसत नाही

निशिगंध: एएलएसच्या (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाणारा आजार) उंदरांना, म्हणजे एसओडी१ हे दोषी जनुक घातलेल्यांना, आयजीएफ-१ हे वाढीचं प्रथिन देतेय. संशोधक कास्पर यांच्या २००३ च्या पेपरात उंदीर ठळकपणे जास्त जगले होते. आमच्याकडे औषधवाले आणि सलाइनवाले एकाच सुमारास जातायत. डोस वाढवू का? सोमवारी गाईडना आलेख दाखवायचाय, लवकर सांगा.

कावळापिंपळ: कुठून देताय?

निशिगंध: कातडीखाली, रोज. त्याने काय फरक पडतो?

कावळापिंपळ: सगळा फरक त्यानेच पडतो! कास्पर यांनी प्रथिन टोचलंच नव्हतं. आयजीएफ-१ चं जनुक एएव्ही विषाणूत घालून बरगड्यांमधल्या आणि मांडीच्या स्नायूंत सोडलं होतं. तिथून विषाणू चेतातंतूंमधून उलटा मज्जारज्जूपर्यंत पोचला. कातडीखाली दिलेलं रक्तातल्या प्रथिनांनाच चिकटून राहतं, मज्जारज्जूच्या वाट्याला फार थोडं येतं. डोस वाढवलात तर उंदरांची साखर उतरेल.

रक्तचंदन: आधी उंदरांचं बोला. एसओडी१ मधला दोष जी९३ए हाच ना? नर किती, माद्या किती? एकाच वेतातली पिल्लं दोन्ही गटांत वाटली होती का? प्रत्येक उंदरात एसओडी१ जनुकाच्या प्रती किती, ते मोजलं? प्रती कमी झालेला उंदीर औषधाशिवायच जास्त जगतो आणि नर माद्यांच्या आधी आजारी पडतात. २००८ मध्ये एएलएस टीडीआय या संशोधन संस्थेने हे सगळं सांभाळून जुनी गाजलेली औषधं परत तपासली, तर त्यांचा फायदा दिसेना.

कावळापिंपळ: तो खोट्या फायद्याचा मुद्दा झाला. इथे फायदाच दिसत नाहीये.

रक्तचंदन: गट असे सरमिसळ असतील तर खरा फायदाही त्यात बुडतो. दोन्ही बाजूंनी घात होतो.

दर्याकिनारा: आयजीएफ सोडा, व्हीईजीएफ हे दुसरं वाढीचं प्रथिन घ्या. २००४ मध्ये त्याचं जनुक लेंटीव्हायरस या विषाणूतून स्नायूंत दिलं तेव्हा याच उंदरांचं आयुष्य ३० टक्क्यांनी वाढलं.

मोगरा७: माझ्या धाकट्या दिरांना एएलएस आहे. हे इंजेक्शन मुंबईत मिळेल का? कितीही खर्च येऊ दे.

रक्तचंदन: ताई, यामागे धावू नका. कातडीखालचं आयजीएफ-१ माणसांत ३३० रुग्णांवर दोन वर्षं तपासलं, २००८ मध्ये निकाल आला, उपयोग झाला नाही. दिरांची जनुकीय तपासणी मात्र करून घ्या. एसओडी१ चा दोष निघाला तर टोफरसेन या औषधाबद्दल न्यूरॉलॉजिस्टना विचारा. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली आहे.

सह्यवारा: अश्वगंधा रोज दुधातून. आमच्या मामांचा कंप थांबला.

कावळापिंपळ: कंप म्हणजे एएलएस नव्हे. आजारी माणसाच्या घरच्यांना असं सांगू नका.

रक्तचंदन: निशिगंध, मृत्यूची वेळ कशी धरता? कुशीवर ठेवलेला उंदीर ३० सेकंदांत स्वतःहून उठला नाही तर तो शेवट, ही नेहमीची पद्धत. की सकाळी पिंजऱ्यात मेलेला सापडला की नोंद?

निशिगंध: नोंदी पिंजरे बघणाऱ्या दादांकडे आहेत, उद्या विचारते. नर-माद्या दोन्ही आहेत. पण डोस वाढवू की नको?