घरच्या व्यायामासाठी मजबूत बेंच कसा निवडावा?

प्रश्न (मुलुंड)
नमस्कार. माझे वजन ८६ किलो असून व्यायामशाळेत मी दांड्यासह ७० किलोचा बेंच प्रेस (बेंचवर उताणे झोपून दांडा छातीवरून वर ढकलणे) करतो. नोकरीच्या वेळा बदलल्यामुळे आता घरीच, दहा बाय दहाच्या खोलीत, व्यायाम करायचे ठरवले आहे. पाहिलेल्या एका घडीच्या बेंचवर 'क्षमता २०० किलो' असे लिहिले आहे, तर जवळपास दुप्पट किमतीच्या दुसऱ्या बेंचवर ३०० किलो. हा आकडा नेमका कशाचा असतो, आणि घडीचा बेंच अशा वजनाला टिकेल का?

उत्तर (डोंबिवली)
माझा व्यवसाय फॅब्रिकेशनचा आहे, म्हणून लोखंडाच्या बाजूने सांगतो. तो आकडा शरीराच्या वजनासह आहे की केवळ उचलायच्या वजनाचा, हे विक्रेत्याकडून आधी स्पष्ट करून घ्या. लिहिलेले नसेल तर शरीरासह आहे असेच धरा. तुमचे ८६ आणि ७० मिळून १५६ किलो होतात. २०० पुरेसे वाटतील, परंतु मांडीवरचे डंबेल छातीशी घेऊन मागे आडवे होताना बेंचवर जो धक्का बसतो, तो स्थिर वजनापेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे मी ३०० किलोच्या खाली जाणार नाही.

तरीही छापील आकड्यापेक्षा पाइपवर विश्वास ठेवा. ५० बाय ५० मिलिमीटरचा चौकोनी पाइप आणि त्याची जाडी किमान २ मिलिमीटर असावी. ३ असल्यास उत्तम. गेजमध्ये सांगितले तर लक्षात घ्या की आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, म्हणजे १४ गेज साधारण २ मिलिमीटर आणि ११ गेज साधारण ३. वेल्डिंग सांध्याच्या चारही बाजूंनी सलग आहे ना, की केवळ ठिपके मारले आहेत, हे वाकून पाहा. घडीच्या बेंचमध्ये सगळा भार बिजागरीवर आणि एका पिनवर येतो. तुमच्या वजनाला तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (दादर)
मजबुतीबरोबर मापेही पाहावीत. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांत बेंचची उंची ४२ ते ४५ सेंटिमीटर आणि रुंदी २९ ते ३२ सेंटिमीटर दिली आहे. बेंच त्याहून उंच असेल तर बेताच्या उंचीच्या माणसाचे तळपाय जमिनीवर घट्ट टेकत नाहीत, आणि अरुंद असेल तर खांद्यांची पाती गादीबाहेर जातात. पाठ तिरपी करता येणारा बेंच घेणार असाल तर टेकू ४५ अंशांवर ठेवून त्याचे वरचे टोक दोन्ही बाजूंना हलवून बघा. दुकानात जो डगमगतो, तो घरी वजनाखाली अधिकच डगमगेल.

उत्तर (वर्सोवा)
समुद्राजवळ राहत असल्यामुळे गंजाबद्दल लिहितो. माझ्या पहिल्या बेंचची पिन दुसऱ्या पावसाळ्यात गंजून छिद्रातच अडकली आणि पाइपच्या उघड्या टोकांतून आतही गंज धरला. तेव्हा पावडर कोटिंग सांध्यांच्या आतल्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचले आहे का आणि टोकांना बुचे आहेत का, ते तपासा. महिन्यातून एकदा नटबोल्ट आवळणेही आवश्यक आहे.

दुसरे म्हणजे जागा. स्पर्धेचा दांडा २.२ मीटरचा असतो आणि तुमची खोली सुमारे ३.०५ मीटरची, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम ४२ सेंटिमीटर उरतात, आणि तेवढ्यातच प्लेटा चढवायच्या-उतरवायच्या आहेत. मध्ये कपाट असेल तर पाच फुटी दांडा घ्यावा, मात्र बेंचचे स्टँड त्याला जुळते का, ते आधी मोजावे. घरी सोबत कोणी नसेल आणि आधाराचे दांडेही नसतील, तर प्लेटांना क्लिप लावू नका. दांडा छातीवर अडकला तर तो एका बाजूला कलवून प्लेटा खाली पाडता आल्या पाहिजेत.

प्रश्नकर्ता (मुलुंड)
सर्वांचे मनापासून आभार. खोलीत खरोखरच एक कपाट आहे, आणि ते हलवता येणार नाही. त्यामुळे घडीचा बेंच आणि लांब दांडा, दोन्हींचा विचार सोडला असून न दुमडणारा सपाट बेंच आणि डंबेल घेत आहे. शनिवारी दुकानात जाताना मोजपट्टी सोबत नेईन.