‘केस’, ‘दुभंग’ आणि ‘बरी झाली’: ‘द थ्री फेसेस ऑफ इव्ह’ मराठीत सांगताना

प्रश्न

‘द थ्री फेसेस ऑफ इव्ह’ (१९५७, दिग्दर्शक ननली जॉन्सन) या चित्रपटाचा मराठी परिचय आणि उपशीर्षकं तयार होत आहेत. मसुद्यात ओळ अशी आहे: ‘मनोविकाराच्या एका केसवर आधारित, दुभंग व्यक्तिमत्त्वाची कहाणी’. यातले ‘केस’, ‘आधारित’ आणि ‘दुभंग’ चालतील का? आणि एक इव्ह जाऊन दुसरी येते, त्याला क्रियापद कोणतं वापरावं?

उत्तर

‘दुभंग’ काढाच. एक तर ‘दु’ म्हणजे दोन, आणि इथे एकाच बाईत इव्ह व्हाइट, इव्ह ब्लॅक आणि जेन अशा तिघी आहेत. त्याहून मोठी अडचण अशी की ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ हा शब्द आपल्याकडे स्किझोफ्रेनियाला चिकटला आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ग्रीक धातूंवरून ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द घडवला. त्यात ‘फाटणं’ आहे खरं, पण ते विचार, भावना आणि वर्तन यांचा एकमेकांशी सांधा सुटण्याबद्दल आहे. एका शरीरात दोन माणसं, असा त्याचा अर्थ नाही. मराठीतला ‘छिन्नमनस्कता’ त्यामानाने जवळचा आहे. ‘देवराई’ (२००४) मधल्या शेषला स्किझोफ्रेनिया आहे आणि तो सबंध चित्रपटभर शेषच राहतो. हे दोन चित्रपट एकाच शब्दात बसवले, तर वाचकाचा दोन्ही आजारांबद्दल गैरसमज होईल.

‘बहुव्यक्तिमत्त्व’ लिहा. १९५४ मध्ये थिगपेन आणि क्लेक्ली या जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टाच्या मनोविकारतज्ज्ञांनी या रुग्णावर शोधनिबंध छापला, तेव्हा निदानाचं नाव हेच होतं. अमेरिकेच्या निदानपुस्तिकेच्या १९९४ च्या आवृत्तीत ते बदलून ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ झालं. आजच्या संदर्भात तेच नाव देवनागरीत द्यावं. ‘डिसोसिएशन’ला ‘विघटन’ म्हटलं की कचरा डोळ्यांपुढे येतो, ‘विचरण’ रसायनशास्त्राने घेतला आहे, आणि ‘आयडेंटिटी’साठीच्या ‘अस्मिता’ला आपल्याकडे भलताच रंग चढला आहे.

‘डिसऑर्डर’ला ‘विकार’ म्हणा, ‘विकृती’ नको. बातम्यांनी ‘विकृत’ हा शब्द गुन्हेगारासाठी इतका वापरला आहे की आजारी माणसाला तो लावणं क्रूर वाटतं.

शुद्धलेखनाचं एक: व्यक्तिमत् + त्व = व्यक्तिमत्त्व. त दोनदा येतो. ‘व्यक्तिमत्व’ चूक.

‘केस’ आणि ‘आधारित’बद्दल

‘केसवर आधारित’ वाचलं की पहिल्यांदा कोर्ट आठवतं. दवाखान्यात ‘केसपेपर’ म्हणजे नावनोंदणीचा कागद. ‘व्यक्ती अभ्यास’ बी.एड.च्या पुस्तकांत रुळला आहे, पण त्यात उपचाराचा भाग येत नाही. इथे ‘रुग्णवृत्तान्त’ चपखल बसतो, कारण डॉक्टरांनी लिहिलेली, क्रमाने सांगितलेली हकिगत असा त्याचा अर्थ आहे. पूर्वीची माहिती तेवढीच असेल तर ‘पूर्वेतिहास’.

‘सत्यघटनेवर आधारित’ टाळा. चित्रपट त्या दोन डॉक्टरांच्या पुस्तकावरून घेतला आहे, म्हणून ‘रुग्णवृत्तान्तावरून’ पुरे. ‘आधारित’ म्हटलं की जे दिसतं ते घडलंच, असं वाचक धरून चालतो. चित्रपटात मृत आजीचा मुका घ्यायला लावल्याचा प्रसंग विकाराचं मूळ म्हणून येतो आणि तो आठवल्यावर गाठ सुटते. शेवटी जेन उरते आणि सगळं मार्गी लागतं. प्रत्यक्षात ती रुग्ण, ख्रिस कॉस्टनर सायझमोर, हिने १९७७ च्या आत्मकथनात सांगितलं की पुढेही अनेक व्यक्तिमत्त्वं येत राहिली; एकूण संख्या वीसच्या वर गेली. म्हणून परिचयात नुसतं ‘ती बरी झाली’ लिहू नका. ‘चित्रपटात ती बरी होते’ असं लिहा.

‘इव्ह’ला ‘टोपणनाव’ म्हणू नका. टोपणनाव लेखक स्वतः घेतो किंवा घरचे देतात. हे डॉक्टरांनी ‘बदललेलं नाव’ आहे. व्हाइट-ब्लॅकचं भाषांतर तर मुळीच नको. ‘गोरी इव्ह’, ‘काळी इव्ह’ म्हणताच मराठी वाचक कातडीचा रंग पाहील.

शंका

क्रियापद राहिलं. ‘इव्ह ब्लॅक अंगात येते’ हे बोलीत फार सहज वाटतं. चालेल?

उत्तर

नको. अंगात येतं ते बाहेरचं: देवी, भूत, पूर्वज. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही संचाराची अवस्था वेगळी नोंदवली आहे. इव्ह ब्लॅक कुठून बाहेरून येत नाही. ती ‘बाहेर येते’ किंवा ‘पुढे येते’. ‘ताबा घेते’ एखाद्याच जागी, संघर्ष दाखवायचा असेल तिथे.

‘विसरते’ या क्रियापदालाही जपा. इव्ह ब्लॅकने खरेदी केलेले भडक कपडे इव्ह व्हाइटला ‘आठवत नाहीत’ असं लिहिलं, तर ते तिला कधीतरी माहीत होतं असा अर्थ निघतो. तिला ते ‘ठाऊकच नसतं’. ब्लॅकला मात्र व्हाइटचं ठाऊक असतं, आणि जेनला दोघींचं. माहितीचा हा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. उपशीर्षकात तो उलटा झाला तर कथाच कळणार नाही.

पुरवणी, संवादांसाठी

या रुग्णाच्या शब्दार्थांची मोजणीच झाली होती. ऑसगुड आणि लुरिया या मानसशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये तिघींची उत्तरं तपासली, तीही रुग्णाला न भेटता. ‘मी’, ‘आई’, ‘प्रेम’, ‘तिरस्कार’, ‘फसवणूक’ अशा १५ संकल्पना होत्या. प्रत्येकीला मौल्यवान–कवडीमोल, बलवान–दुर्बळ, गरम–थंड अशा १० जोड्यांवर सात पायऱ्यांत जागा द्यायची होती. व्हाइटचा ‘मी’ दुर्बळ निघाला. ब्लॅकचा ‘मी’ उत्तम, आणि ‘तिरस्कार’ व ‘फसवणूक’ही तिच्याकडे चांगल्या बाजूला!

म्हणजे तोच शब्द तिघींच्या तोंडी सारख्या वजनाने येऊ शकत नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत हे वजन सर्वनामावर टाकता येतं. व्हाइट नवऱ्याला ‘अहो’ म्हणेल आणि डॉक्टरांशी ‘तुम्ही’ने, वाक्यं अर्धवट सोडत बोलेल. ब्लॅक नवऱ्याला थेट ‘तू’ म्हणेल, वाक्यं तोडून टाकेल. व्हाइटचं नाव न घेता ‘ही’ म्हणेल. जेनच्या तोंडी ‘तुम्ही’च, पण वाक्य पूर्ण आणि विनातक्रार. इव्हची भूमिका करणाऱ्या जोअॅन वुडवर्डने (तिला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं) आवाज आणि बसण्याची ढब क्षणात बदलली आहे. त्यामुळे ‘अहो’चं ‘तू’ त्याच चौकटीत बदला. एक ओळ उशीर झाला तर प्रेक्षकाला वाटेल की भाषांतरकार चुकला.