मामांची पत्रं आणि उत्तराचं कूपन

'परदेशी लेखक कुठल्या अनोळखी वाचकाला उत्तर देतायत?' असं बरेच जण विचारतात. देतात हो! पंचवटीतले माझे मामा सत्तरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या लेखकांना, चित्रकारांना प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्रं टाकायचे. (पत्ता पुस्तकातच असतो, शीर्षकाच्या पानामागे.) लेखकांचा हात आखडता, चार ओळींत भागवायचे. चित्रकार मात्र सढळ. एकाने पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मांजर काढलंय, शेपटी थेट सहीत गुंतलेली. त्या पाकिटावरचं तिकीट शेजारच्या पोराने कापून नेलं, आतल्या पत्राच्या दोन ओळींसकट. मामा ते अजून विसरलेले नाहीत.

युक्ती एकच, सोबत आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन जोडायचं. जागतिक टपाल संघाचं हे कूपन १९०७ पासूनचं. समोरच्याने त्याच्या पोस्टात दिलं की परतीच्या पत्राचं तिकीट मिळायचं. आपली तिकिटं तिकडे चालत नाहीत ना, मग ती आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेली का असेनात!

आणि 'पुस्तक आवडलं' एवढंच लिहू नका. मामा विचारायचे, अमुक पानावरच्या घोड्याला तीनच पाय का? अशा पत्राला हमखास उत्तर यायचं.