विषय : जुलैची प्रॅक्टिस आणि कॅम्पला जाणारी मुलं

प्रेषक : अश्विनी

मंडळी, घाईत लिहितेय. आपल्या ढोल-ताशा पथकाचा फॉर्म आज रात्री बंद होतोय आणि त्यात ‘जुलैच्या चारही रविवारी हजेरी सक्तीची’ असं आहे. अथर्व २१ जूनला मेन राज्यातल्या उन्हाळी कॅम्पला चाललाय, ८ ऑगस्टला परत. ईशान आणि पाटलांचे दोघेही त्याच बसने. म्हणजे चार वादक गेले, त्यातले दोन ताशाचे. मध्ये एखाद्या वीकएंडला मुलाला घेऊन येऊ का, असं कॅम्पवाल्यांना विचारलं. गोड आवाजात नाही म्हणाले. फॉर्मवर काय भरू?

ता.क. कुणाकडे ट्रंक पडून आहे का? कॉटखाली सरकेल अशी बुटकी हवी.

---

प्रेषक : मिलिंद

अश्विनी, नियम सगळ्यांना सारखा. मागे ‘ऑगस्टमध्ये पकडून घेतो’ म्हणणाऱ्यांनी मिरवणुकीत काय दिवे लावले ते व्हिडिओत आहेच. गणपती यंदा १४ सप्टेंबरला, आपली मिरवणूक १९ला. वाटतं भरपूर वेळ आहे. पण पार्किंग लॉटचं परमिट टाउनने २३ ऑगस्टपर्यंतच दिलंय, पुढे शाळा सुरू. म्हणजे या मुलांच्या हातात रविवार उरले तीन. तेवढ्यात ढोल कसाबसा बसेल. ताशा नाही बसत.

आणि एक कळत नाही. सॉकरचा कोच सोडतो, गणिताचा क्लास सोडतो, मग एका शनिवार-रविवारसाठी यांचं काय अडतं? मिलिटरी आहे का?

---

प्रेषक : रोहिणी

ट्रंक आहे माझ्याकडे. एक कडी तुटलीये, पट्टा बांधून चालते. शनिवारनंतर कधीही घेऊन जा.

---

प्रेषक : संदीप

> मिलिटरी आहे का?

सकाळी बिगुल वाजतो, झेंड्यापाशी रांग लागते, मग केबिन झाडायची आणि तपासणी. तेवढं मिलिटरीसारखं आहे खरं. पण सोडत नाहीत त्याचं कारण वेगळं आहे, आणि आमचा निखिल तीन उन्हाळे जाऊन आलाय म्हणून सांगतो.

आपण ‘स्पोर्ट्स कॅम्प’ म्हटलं की डोळ्यांसमोर कॉलेजच्या मैदानावरचं आठवड्याचं कोचिंग येतं. एकच खेळ, आधीच चांगला खेळणारी मुलं, शेवटच्या दिवशी टी-शर्ट. हे जुन्या पद्धतीचे मुलांचे कॅम्प तसे नाहीत. सकाळी शिकवणी : बेसबॉल, टेनिस, लॅक्रॉस, तिरंदाजी, शिडाची होडी, जे वेळापत्रकात येईल ते. बास्केटबॉलमध्ये तरबेज असलेल्यालाही होडीत बसून दोरीची गाठ मारावीच लागते. जेवणानंतर तासभर आडवं व्हायचं, घरी पत्र लिहायचं ते तेव्हाच. फोन बंदच. दुपारी लीगचे सामने. या लीगसाठी प्रत्येक वयोगटाच्या टीम पहिल्याच आठवड्यात पाडतात, आणि मुद्दाम मिसळून पाडतात. पट्टीचा खेळाडू आणि चेंडू बघून डोळे मिटणारा एकाच टीममध्ये, संपूर्ण उन्हाळा. प्रत्येकाला खेळवायचंच, बाकावर बसवून ठेवायचं नाही. अशा टीममधला एक मुलगा ताशा वाजवायला घरी गेला की उरलेल्यांचा सामना बोंबलला. एकाला सोडलं की पुढच्या रविवारी दहा आईबाप गाड्या घेऊन दारात.

शेवटचा आठवडा तर विचारूच नका. कलर वॉर. सगळा कॅम्प दोन रंगांत वाटतात आणि कशालाही गुण : पोहणं, रस्सीखेच, गाणं, जेवताना गप्प बसणं. मोठी रिले असते, तिच्यात सत्तर-ऐंशी टप्पे. धावणारे, पोहणारे असतातच, पण मध्येच एकाला नीट अंथरूण घालायचं असतं आणि एकाला कोरडी सॉल्टीन बिस्किटं खाऊन शिट्टी वाजवायची असते. शिट्टी ऐकू आल्याशिवाय पुढचा पळत नाही. निखिल इथल्या सॉकर टीममध्ये कायमचा राखीव. तिथे तोंडात भुगा, डोळ्यांत पाणी, भोवती सोळा वर्षांची धटिंगण पोरं गुडघ्यावर बसून ‘गिळ, गिळ’ ओरडतायत, आणि याने समोरच्याच्या आधी शिट्टी मारली. त्याच्या पत्रात त्या दिवशीचा निकाल नव्हता, फक्त शिट्टीवर दीड पान होतं.

तेव्हा मिलिंद, राग धरू नकोस, पण मध्ये सोडणार नाहीत ते बरोबरच आहे.

---

प्रेषक : नाना

संदीप, छान लिहिलंस. थोडी भर घालतो. ही पद्धत आपल्या शेजारचीच. कनेक्टिकटमधल्या वॉशिंग्टन गावचे हेडमास्तर फ्रेडरिक गन १८६१ साली शाळेतल्या पोरांना घेऊन लाँग आयलंड साउंडच्या किनाऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथे तंबू ठोकून राहिले. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच पेटलं होतं, पोरांना सैनिकांसारखं राहायचं होतं. पुढे १८८१ला न्यू हॅम्पशायरच्या स्क्वाम लेकमधल्या बेटावर अर्नेस्ट बाल्च नावाच्या तरुणाने श्रीमंतांच्या मुलांसाठी कॅम्प काढला. नोकर नाहीत, स्वयंपाक आणि भांडी मुलांनीच करायची. न्यूयॉर्कमधला कॅम्प डडली १८८५चा, तो आजही चालू आहे. म्हणजे मूळ हेतू शहरी पोरांना सुखात लोळू न देणं हा. रात्री झोपायला पाठवणारी बिगुलाची धून अजून वाजते, ती त्या यादवी युद्धातलीच.

आपल्याकडेही हे होतंच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन हुतूतू दाखवून आला. आमच्या तालमीत मे महिन्यात पहाटे पाचला वस्ताद दारात उभे. मोठ्याने लहानाला मल्लखांबावर चढवायचं आणि पडला तर खाली झेलायचं, ही जबाबदारी मोठ्याची. फी म्हणाल तर एक नारळ. मंडळाने एक मल्लखांब उभा करावा असं मी गेल्या सर्वसाधारण सभेतही म्हणालो होतो, इतिवृत्तात आलेलं नाही.

---

प्रेषक : सुषमा

नाना, तुमच्या इतिहासात बायका कुठे गेल्या? ल्यूथर ग्युलिकचं नाव राहिलं. स्प्रिंगफिल्डला १८९१ साली ‘हिवाळ्यात आत खेळता येईल असा खेळ शोध’ म्हणून जेम्स नेस्मिथ या शिक्षकाच्या मागे लागले ते हेच, आणि त्यातून बास्केटबॉल निघाला. याच ग्युलिकनी बायको शार्लटबरोबर मेनमधल्या सिबेगो लेकवर मुलींचा कॅम्प काढला आणि १९१०मध्ये ‘कॅम्प फायर गर्ल्स’ ही मुलींची संघटना सुरू केली. आमची सई मुलींच्या कॅम्पला जाते, तिथेही कलर वॉर असतं आणि रस्सीखेच बघाल तर घाबराल.

दुसरं. नारळाची गोष्ट निघालीच आहे तर सात आठवड्यांची फी पंधरा हजार डॉलरच्या घरात जाते हेही लिहा की कुणीतरी. त्यात चौघं पुण्याला जाऊन येऊ. सगळ्यांना परवडतं असं धरून या लिस्टवर बोलू नये.

---

प्रेषक : संदीप

सुषमाताई, मान्य. काही कॅम्प फीमध्ये मदत देतात, पण आदल्या हिवाळ्यातच विचारावं लागतं. आम्ही विचारलं होतं.

---

प्रेषक : पाटील काकू

आमच्या दोघांना बेसनाचे लाडू पाठवायचे आहेत. खाऊचं पार्सल परत येतं म्हणे, खरं का? आणि बीफच्या दिवशी काय खातात?

---

प्रेषक : अश्विनी

काकू, खरं आहे. केबिनमध्ये खाणं ठेवलं की उंदीर आणि रॅकून येतात, शिवाय काही मुलांना नट्सची ॲलर्जी. व्हिजिटिंग डेला न्या, गवतावर बसून संध्याकाळच्या आत संपवायचे. सॅलड बार आणि पास्ता रोज असतो. अथर्वने मागे पत्रात लिहिलं होतं, ‘आई, इथे वरण नाही पण मी जिवंत आहे.’

मिलिंद, मूळ प्रश्न तसाच राहिला. ताशाच्या काड्या ट्रंकेत टाकून दिल्या तर? दुपारच्या तासात उशीवर हात फिरवेल. आमची ईमेल छापून मुलांना देतात, उत्तर मात्र हाताने लिहून पोस्टाने. तू ताल लिहून दे, मी पाठवते.

---

प्रेषक : मिलिंद

उशीवर ताशा. बरं.

फॉर्म उद्या दुपारी बारापर्यंत उघडा ठेवतोय. चौघांचीही नावं ढोलला भरा, ताशाला नाही. काड्या द्यायच्या तर द्या, ताल लिहून पाठवतो. परत आल्यावर अथर्वने पहिल्या रविवारी वाजवून दाखवलं तर ताशाचं बघू, शब्द देत नाही. ९, १६ आणि २३ ऑगस्ट, तिन्ही रविवार सकाळी नऊला, पाऊस असला तरी. त्यानंतरची प्रॅक्टिस सुषमाताईंच्या बेसमेंटमध्ये करू असं जे मला परस्पर फोन करून सांगतायत, त्यांनी आधी सुषमाताईंना विचारावं.

नाना, मल्लखांबासाठी वेगळा धागा उघडा, प्लीज.