लॉस एंजेलिसची तीन दिवसांची सहल : गाडीने की विमानाने?

प्रेषक: एक सभासद, फ्रीमाँट

सस्नेह नमस्कार मंडळी,

प्रेसिडेंट्स डेला (फेब्रुवारीचा तिसरा सोमवार) जोडून येणाऱ्या सुट्टीत शनिवारी निघून सोमवारी रात्री परत, अशी लॉस एंजेलिसची सहल आम्ही योजीत आहोत. आम्ही दोघे, सात वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे असे सहा जण आहोत. मुक्काम लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेंडेलला असून ग्रिफिथ वेधशाळा आणि सांता मोनिकाचा किनारा एवढेच पाहण्याचे ठरवले आहे. आमची गाडी सात आसनी आहे आणि माझ्या यजमानांचे मत गाडीनेच जावे असे आहे. मला मात्र वाटते की तीन दिवसांतील दोन दिवस रस्त्यावर घालवण्यापेक्षा जवळच्या ओकलंडहून ग्लेंडेलशेजारच्या बरबँकला विमानाने जावे. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. सासरे पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले असून त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे म्हैसाळ उपसा सिंचन योजनेवर गेली आहेत. त्यांची प्रकृती उत्तम आहे आणि ते दोन्हींना तयार आहेत. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रेषक: एक सभासद, सनीव्हेल

नमस्कार ताई,

गेली अठरा वर्षे मी वर्षातून दोन-तीनदा लॉस एंजेलिसला जातो, कधी गाडीने तर कधी विमानाने, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. विमान सव्वा तासात पोहोचते हे खरे, परंतु हिशेब घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत करायला हवा. फ्रीमाँटहून ओकलंडच्या विमानतळावर पोहोचायला 40 मिनिटे, सुट्टीची गर्दी आणि बरोबर लहान मूल व वडीलधारी माणसे असल्याने किमान दीड तास आधीची हजेरी, सव्वा तासाचे उड्डाण, उतरल्यावर सामान घेऊन, भाड्याची गाडी ताब्यात घेऊन तीत मुलांच्या कार सीट बसवण्यात जाणारा तास, आणि तेथून मुक्कामापर्यंत अर्धा तास, असे सगळे धरले तर जवळजवळ पाच तास होतात. गाडीने अंतर सुमारे 350 मैल आहे. साडेपाच तास चालवण्याचे आणि दीड तास थांबण्याचा धरला तर सात तास होतात. म्हणजे विमानाने वाचतात ते दोन तास.

खर्चात मात्र मोठा फरक पडतो. दोन वर्षांखालील मूल देशांतर्गत प्रवासात मांडीवर बसून विनातिकीट जाते, तरी जाण्या-येण्याचे तिकीट 150 डॉलरला मिळाले असे धरून पाच जणांचे 750 डॉलर होतात. त्यावर भाड्याची मोठी गाडी आली, कारण इतक्या पसरलेल्या शहरात सहा माणसांना गाडीवाचून गत्यंतर नाही. स्वतःच्या गाडीने 700 मैलांना, गॅलनला 25 मैल आणि साडेचार डॉलर धरल्यास, सुमारे 126 डॉलरचे पेट्रोल लागेल. केंद्रीय कर खात्याने 2025 सालासाठी ठरवलेला मैलाला 70 सेंटचा दर लावला, ज्यात गाडीची झीज आणि विमाही धरलेला असतो, तरी 490 डॉलरच होतात. आपण दोघेच असतात तर मी निःसंशय विमान सुचवले असते. माणसे वाढली की तिकिटे वाढतात, गाडीचा खर्च मात्र तेवढाच राहतो.

आपल्या सासऱ्यांविषयी वाचल्यावर तर मला राहवले नाही. गिलरॉयवरून 152 क्रमांकाच्या रस्त्याने पाचेको खिंड ओलांडली की सॅन लुइस जलाशय लागतो. ओढ्या-नाल्यांच्या पाण्यावर भरणारे ते धरण नव्हे. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले पाणी पंपांनी वर चढवून तेथे साठवतात आणि उन्हाळ्यात खाली सोडताना त्याच यंत्रांवर वीज निर्माण करतात. पुढे दक्षिणेकडे जाणाऱ्या आय-5 महामार्गाला लागले की कॅलिफोर्निया ॲक्विडक्टचा काँक्रीटचा कालवा रस्त्याची साथ करतो आणि अधूनमधून पुलाखालून जातो. सेंट्रल व्हॅली या विस्तीर्ण सपाट खोऱ्याच्या दक्षिण टोकाला एडमन्स्टनच्या पंपगृहात हे पाणी डोंगरापलीकडे नेण्यासाठी एका दमात 1,926 फूट उचलले जाते. ते पंप रस्त्यावरून दिसत नाहीत, परंतु म्हैसाळला कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवणाऱ्या माणसाला तो कालवा पाहून काय वाटेल, याची कल्पना मी करू शकतो. फेब्रुवारीच्या मध्यास बदामाच्या बागा फुलू लागतात, तेही दिवस हेच. विमानातून यातले काहीच हाती लागणार नाही.

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्यावी. पावसानंतरच्या थंड सकाळी या खोऱ्यात टूले नावाचे दाट धुके उतरते आणि पुढच्या गाडीचे दिवेही दिसेनासे होतात. 2007 साली फ्रेस्नोजवळ हायवे 99 वर अशाच धुक्यात शंभराहून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. तसे धुके असेल तर दोन तास उशिरा निघावे, पण निघण्याची घाई करू नये. दुसरे म्हणजे ग्रेपव्हाइनचा घाट. त्याच्या माथ्यावरची तेहोन खिंड चार हजार फुटांवर आहे आणि हिमवर्षाव झाला तर हायवे पॅट्रोल (महामार्ग पोलीस) रस्ता बंद करते, त्यामुळे आदल्या रात्री हवामान पाहूनच झोपावे. सोमवारी परतताना शक्यतो पहाटे निघावे, कारण आय-5 वर एका दिशेला दोनच लेन आहेत, ट्रकना ताशी 55 मैलांची मर्यादा आहे, आणि एक ट्रक दुसऱ्याला ओलांडू लागला की मागे मैलभर रांग लागते.

प्रेषक: एक सभासद, सॅन होजे

नमस्कार,

वरील हिशेब मला मान्य आहे, परंतु त्यात सासूबाईंचे गुडघे आलेले नाहीत. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईला आम्ही याच रस्त्याने नेले. मधल्या रांगेत मुलांच्या दोन कार सीट होत्या, पुढे वडील बसले, आणि आई तिसऱ्या रांगेत. तेथे पाय लांब करायला जागा नसते. घाटातून उतरताना तिने खिडकीवरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती आणि पोहोचल्यावर गाडीतून उतरायला तिला दहा मिनिटे लागली. पुढचा पूर्ण दिवस ती गरम पाण्याची पिशवी घेऊन हॉटेलात पडून होती, आणि जिला शहर दाखवायचे म्हणून गेलो तीच खोलीत राहिली, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून कोण कोठे बसणार हे आधी कागदावर मांडावे. विमानाने जायचे ठरल्यास तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मागणी नोंदवावी. तिचे वेगळे शुल्क पडत नाही. भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. बरोबर ठेवण्याच्या पिशवीत लोणचे किंवा ओली चटणी 100 मिलिलिटरहून अधिक चालत नाही, बाळाच्या दुधाला मात्र ती अट नाही.

प्रेषक: एक सभासद, फ्रीमाँट

सर्वांचे मनःपूर्वक आभार.

सॅन होजेच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री कागदावर आसने मांडली आणि लक्षात आले की सासूबाईंना पुढे बसवले, तर बाबांना (सासऱ्यांना) तिसऱ्या रांगेत बसून कालवा नीट दिसणारच नाही. त्यामुळे सर्वांनी एकाच मार्गाने जाण्याचा आग्रह सोडला आहे. सासूबाई, धाकटा आणि मी दुपारच्या विमानाने बरबँकला जाऊ. म्हणजे दोनच तिकिटे लागतील. बाबा, मुलगी आणि यजमान सकाळी धुके पाहून गाडीने निघतील, बाबा पुढच्या आसनावर बसतील आणि सॅन लुइसला तासभर थांबतील. बरबँकचा विमानतळ आय-5 लगतच असल्याने ते आम्हाला तेथूनच घेतील, धाकट्याची कार सीटही गाडीतच असेल आणि भाड्याच्या गाडीची गरज उरणार नाही. सोमवारीही अशीच विभागणी राहील.

एकच अडचण उरली आहे. गाडी सकाळीच गेल्यावर आम्हाला ओकलंडला पोहोचायचे आहे आणि बाळाची सीट तर गाडीबरोबर गेलेली असेल. त्या शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास फ्रीमाँटहून तिकडे जाणारे, दोन वर्षांखालील मुलाची मागे तोंड करून बसवायची सीट असलेले कोणी सभासद असल्यास कृपया कळवावे.