आधी कान तपासा
'वय झालं की ऐकू कमी येणार नि विसरायलाही होणार, कानाच्या मशीनवर पैसे कशाला घालायचे?' हे मत पटलं नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या 14 धोक्यांत बहिरेपण धरलंय. मशीन रामबाण नव्हे. कानाच्या मशीनचा उपयोग तपासणाऱ्या अमेरिकेतल्या 2023 च्या अचीव्ह चाचणीत सरसकट फरक दिसला नाही, पण ज्यांना धोका जास्त होता, त्यांच्या स्मरण-विचारशक्तीची घसरण 3 वर्षांत 48 टक्क्यांनी मंदावली.

आमच्या बेळगावच्या वडगाव-शहापुरात यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म काढलेले मामा घरोघरी. डॉक्टर कन्नडमधून विचारतात, "इवत्तु याव वार?" (आज कोणता वार?) मामांना धड ऐकूच येत नाही, नुसती मान डोलवतात. झालं, कागदावर 'स्मरणशक्ती कमी'! कानात मळ साचलाय का बघा, ऑडिओग्राम (किती ऐकू येतं त्याचा आलेख) काढा. स्मरणशक्तीची चाचणी त्यानंतर, नि शक्यतो मराठीतून.