मदत हवी आहे: खोललेल्या सॅन स्टॉर्मचा लॉट घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

गोव्यात तयार व्हायची ती दोन सीटची सॅन स्टॉर्म आठवते का? फायबर बॉडी, कापडी टप, रेनॉचं 1.2 लिटर इंजिन. माझ्याकडं एक आहे, एमएच-09 पासिंगची. निपाणीत एकानं तशीच गोवा पासिंगची गाडी खोलून ठेवलीय. पण सुटं काही देणार नाही, पूर्ण लॉट उचला म्हणतो.

मला हवंय ते पुढची काच, टपाचा सांगाडा आणि वायरिंग. बॉनेट-दारं इथला फायबरवाला साचा काढून करून देईल. कोल्हापुरात लोखंड पाहिजे तसं ओतून मिळतं, काच कुठून आणू? माझं इंजिन ऑइल पितंय, म्हणून त्याच्या इंजिनचाही मोह होतोय. पण ते कित्येक वर्षं बंद आहे आणि गाडीची नोंद अजून रद्द केलेली नाही. "आरसी देतो की, काळजी कशाला?" एवढंच मालकाचं उत्तर.

कागद कोणते घेऊ? बंद इंजिन जागेवर तपासायचं कसं? आणि उरलेले सीट, हब, गिअरबॉक्स घ्यायला कोणी भेटेल का?

उद्यमनगरकर: भावा, त्याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग, बसवू नको. इंजिन नंबर ब्लॉकवर असतोय, बदललास की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद आली. हेड, क्रँक चांगले असतील तर तुझ्याच ब्लॉकमध्ये घाल, बोअरिंग, म्हणजे झिजलेले सिलिंडर घासून नीट करणं, इथं उद्यमनगरात होतंय. तपासताना थेट स्टार्टर मारू नको, टायमिंग बेल्ट कुजलेला असणार. प्लग काढून सिलिंडरात थोडं ऑइल सोड, रात्रभर ठेव, मग क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं फिरव. अडकलं तर भंगाराच्या भावानं माग. फिरलं तर नवा बेल्ट घालून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरातला दाब, बघ. सिलिंडरांत 10-15 टक्क्यांहून जास्त फरक आला तर खोलायचा खर्च धरूनच बोल.

घाटरस्ता: दादा, नुसती आरसी घेऊन काय करणार? गाडी मोडली की 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं काम मालकाचं, मोटार वाहन कायदा कलम 55. आधी ते करायला लावा. चासी नंबर आरसीशी स्वतः जुळवा, कर्जाचा बोजा आहे का बघा. बिलावर चासी आणि इंजिन दोन्ही नंबर, पार्टची यादी, मालकाची सही घ्या. पुढं तुम्ही पार्ट विकाल तेव्हा गिऱ्हाईकही तेच बिल मागेल.

गिअरबॉक्स विकणार असाल तर दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका. तिसरा गिअर सुटत नसेल तर मी घेतो.